पस्तिशीच्या उंबरठ्यावर हाती आलेले रंग : एतेल अदनान

स्नेहमेळाव्याच्या स्मरणिकेत आपली शाळा, आपले गुरुजन आणि आपल्या खोड्या यांच्या आठवणी असतात, आणि त्या असायलाच हव्यात. संपादक मंडळाने मात्र ‘शाळेबाहेरच्या एखाद्या विषयावरही एक माहितीपर लेख हवा’ अशी गळ घातली. त्यावर मी ज्या बाईंविषयी लिहायचे ठरवले, त्या आपल्यापासून हजारो मैल दूरच्या. तरीही वाचून झाल्यावर हा लेख शाळेविषयीच आहे असे कोणाला वाटले, तर माझी हरकत नाही.

बाईंचे नाव एतेल अदनान. कवयित्री, कादंबरीकार, तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिका आणि अमूर्त चित्रकार. कोणत्याही कला महाविद्यालयाची पायरी त्या विद्यार्थिनी म्हणून चढल्या नाहीत. पहिले चित्र काढले तेव्हा त्या पस्तिशीच्या उंबरठ्यावर होत्या. जगाने त्यांच्या चित्रांची खरी दखल घेतली तेव्हा त्यांचे वय ८७ होते. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन सुरू झाले तेव्हा त्या ९६ वर्षांच्या होत्या.

त्यांच्याविषयी लिहिताना ‘स्वयंशिक्षित’ हे विशेषण हमखास वापरले जाते. स्वयंशिक्षित म्हणजे ज्याला कोणी शिकवले नाही, असा अर्थ आपण सहज धरून चालतो. अदनान यांचे आयुष्य बारकाईने पाहिले की हा अर्थ अपुरा वाटू लागतो.

एका घरात अनेक भाषा

एतेल यांचा जन्म २४ फेब्रुवारी १९२५ रोजी बैरूत येथे झाला. वडील दमास्कसचे मुसलमान, तुर्कस्तानच्या ऑटोमन सैन्यातले अधिकारी. आई स्मिर्ना, म्हणजे आजचे इझ्मिर, या शहरातली ग्रीक ख्रिस्ती. पहिल्या महायुद्धात ऑटोमन साम्राज्य कोसळले आणि वडिलांचे पद, प्रतिष्ठा, कामधंदा सगळेच गेले. १९२२ साली आईचे शहर आगीत भस्मसात झाले. तोवर दोघांनी बैरूत गाठले होते. जे जग त्यांचे होते ते उरले नव्हते आणि ज्या शहरात बिऱ्हाड थाटले तेथे दोघेही उपरेच होते.

आईवडिलांची समान भाषा तुर्की, म्हणून घरात तुर्की. आई मुलीशी ग्रीक बोलायची. घराबाहेर, गल्लीत, बाजारात अरबी. पहिल्या महायुद्धानंतर लेबनॉन फ्रान्सच्या ताब्यात गेला होता, त्यामुळे शाळेत फ्रेंच. आपल्याकडे सीमाभागातल्या घरांत दोन-तीन भाषा सुखाने नांदतात, तसे हे चित्र वाटेल. फरक एवढाच, की यातल्या एका भाषेला शाळेच्या फाटकाबाहेरच थांबावे लागे आणि ती भाषा त्या देशाची होती.

एतेलची शाळा फ्रेंच जोगिणींची होती. तिथे अरबी बोलायला मनाई होती आणि जे मूल अरबी बोलताना सापडेल त्याला शिक्षा होई. अरबी म्हणजे मागासलेपण, अरबी बोलणे म्हणजे जवळजवळ पाप, ही भावना लहान मुलांच्या मनात पद्धतशीर रुजवली जाई. फ्रान्सच्या नद्या, फ्रान्सचे राजे मुलांना तोंडपाठ, आणि स्वतःच्या देशातल्या कवींची मात्र ओळखही नाही, अशी ती शिकवण. आपल्यातल्या अनेकांची मुले-नातवंडे आज इंग्रजी माध्यमात शिकतात. मधल्या सुट्टीत मराठी बोलल्याबद्दल दंड भरणारी मुले आपण पाहिली आहेत. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीच्या बैरूतची ही गोष्ट समजायला आपल्याला फार कल्पनाशक्ती लागू नये.

वडिलांना ही उणीव जाणवत होती. मुलीला अरबी लिहिता यावी म्हणून त्यांनी तिला घरीच शिकवायला घेतले. त्यांच्यापाशी अरबी-तुर्की व्याकरणाचे एक जुने पुस्तक होते. त्यातली पाने त्यांनी मुलीला उतरवून काढायला सांगितली. ती पानामागून पान उतरवत गेली. अर्थ फारसा कळत नव्हता, पण अक्षरे गिरवण्यात तिला गंमत वाटे. भाषा अशाने काही आली नाही. वाचून अर्थ लावता येईल इतकी अरबी त्यांना पुढेही कधी पुरती आली नाही. हाताला मात्र त्या अक्षरांचे वळण ठाऊक झाले. तीस-पस्तीस वर्षांनी हेच गिरवणे त्यांच्या कलेत परत आले. तो भाग पुढे येईल.

आईचे लेकीवर प्रेम होते, पण एक गोष्ट ती सतत ऐकवायची : तुझे हात धांदरट आहेत, तुझ्या हातून काही धड होणार नाही. एतेलला खरे तर वास्तुरचनाकार व्हायचे होते. तो पुरुषांचा धंदा, असे म्हणून आईने तो विषयच मिटवून टाकला.

तत्त्वज्ञानाची बाई

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात किशोरवयातच एतेल बैरूतमधल्या फ्रेंचांच्या माहिती कचेरीत नोकरीला लागल्या. काम करता करता शिक्षण पुरे केले आणि साहित्याच्या उच्च शिक्षणासाठी तिथल्या फ्रेंच महाविद्यालयात गेल्या. तिथे गाब्रिएल बुनूर हे प्राध्यापक त्यांना लाभले. कविता म्हणजे फावल्या वेळचा छंद नसून जगण्याची एक रीत आहे, ही जाण बुनूर यांच्या वर्गात आली, असे अदनान पुढे सांगत. काही काळ त्यांनी बैरूतमधल्या मुलींच्या एका शाळेत शिकवलेही.

१९४९ साली शिष्यवृत्ती मिळाली आणि आईचा विरोध पत्करून त्या पॅरिसला सोरबॉन विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकायला गेल्या. १९५५ साली अमेरिका. बर्कली आणि हार्वर्ड येथे पुढचे अध्ययन झाले आणि १९५८ पासून त्या कॅलिफोर्नियातल्या सॅन राफेल गावी डोमिनिकन कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवू लागल्या. ही नोकरी त्यांनी १९७२ पर्यंत केली. विषयांपैकी एक होता कलेचे तत्त्वज्ञान.

त्याच कॉलेजात कला विभागाच्या प्रमुख होत्या अ‍ॅन ओ’हॅनलन. त्यांनी या नव्या सहकारी बाईंना एकदा सरळच विचारले, की कलेचे तत्त्वज्ञान शिकवता, मग स्वतः चित्र का काढत नाही? अदनान यांनी लहानपणापासून ऐकलेले उत्तर दिले. आई म्हणायची, माझे हात धांदरट आहेत. त्यावर ओ’हॅनलन यांचा प्रश्न होता, की आईचे ते म्हणणे तुम्ही खरे मानलेत?

एवढाच तो संवाद. अदनान यांनी पुढे मुलाखतींतून तो पुन्हा पुन्हा सांगितला. ओ’हॅनलन यांनी व्याख्यान दिले नाही, अभ्यासक्रम आखून दिला नाही. कॅनव्हासचे उरलेसुरले तुकडे आणि रंग पुढे ठेवले, बसायला विभागातली एक जागा दिली आणि बाईंना त्यांच्या त्यांच्यावर सोडून दिले. थोड्याच दिवसांत त्यांना शिकवण्यासारखे काही नाही, त्या चित्रकार आहेतच, असा निर्वाळाही ओ’हॅनलन यांनी दिला. हे १९५९च्या आसपासचे.

लाल चौकोनापासून सुरुवात

अदनान यांची चित्रे समोर आली तर आपल्यातले पुष्कळ जण म्हणतील, ‘हे तर आमचा नातूही काढेल.’ अमूर्त चित्रांपुढे ही प्रतिक्रिया जगभर होते, त्यात लाजण्यासारखे काही नाही. म्हणून ही चित्रे कशी तयार होत ते पाहू.

त्या कॅनव्हास घोडीवर उभा करत नसत. तो टेबलावर सपाट ठेवून, वहीत लिहावे तशा त्या चित्र काढत. रंग नळीतून थेट कॅनव्हासवर. ब्रश जवळजवळ नाहीच. हातात पॅलेट नाइफ, म्हणजे रंग कालवायची लवचीक पात्याची सुरी. भाकरीवर लोणी पसरावे तसा रंग सुरीने एका दिशेने ओढायचा. रंग शक्यतो नळीतून निघाला तसाच राहू द्यायचा, दुसऱ्यात मिसळून त्याचा ताजेपणा घालवायचा नाही. चित्र साधारणतः एका बैठकीत पुरे करायचे. नंतर खाडाखोड नाही, डागडुजी नाही.

सुरुवातीच्या बऱ्याच चित्रांत एक लाल चौकोन असे. तो आधी ठेवायचा आणि त्याच्या आधाराने बाकीचे रंग मांडत जायचे. पिवळ्याशेजारी लाल वेगळा दिसतो, निळ्याशेजारी वेगळा. एक रंग मांडला की तोच शेजारच्या रंगाची मागणी करतो. गाणारा षड्ज लावतो आणि मग बाकीचे स्वर त्याच्या नात्याने आपापल्या जागी येतात, तसे ते काम. नातू कदाचित चौकोन काढीलही. पण कोणता रंग किती जागा घेईल आणि कुठे थांबेल, हे एका बैठकीत, खाडाखोड न करता ठरवणे फार अवघड असते. प्रयत्न करून पाहिला की ते कळते.

आपल्या वासुदेव गायतोंडे यांचे उदाहरण इथे उपयोगी पडेल. नागपुरात १९२४ साली जन्मलेले गायतोंडे हे अदनान यांच्याच पिढीचे अमूर्त चित्रकार. तेही रोलर आणि पॅलेट नाइफ वापरून रंगांचे थर चढवत, खरवडत. गायतोंडे मात्र जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे रीतसर विद्यार्थी. १९४८ साली त्यांनी तिथली पदविका घेतली. ज्या गुगेनहाइममध्ये २०१४ साली गायतोंडे यांचे प्रदर्शन भरले, त्याच गुगेनहाइममध्ये सात वर्षांनी अदनान यांचे भरले. एक जे. जे.तून गेले, दुसऱ्या कॅनव्हासच्या उरलेल्या तुकड्यांवरून. पोहोचले दोघेही तिथेच.

चित्रांची भाषा अरबी

अदनान यांना कुंचल्यापेक्षा आधी लेखणी आली होती. त्या फ्रेंचमध्ये कविता लिहीत. पण १९५४ साली अल्जीरियाचे स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले आणि १९६२ पर्यंत चालले. फ्रान्सची राजवट अल्जीरियातल्या अरबांना चिरडत होती आणि अदनान त्याच फ्रान्सच्या भाषेत मनातले लिहीत होत्या. ते त्यांना सहन होईना. फ्रेंच नको झाली, आणि अरबी तर लहानपणीच हिरावून घेतलेली. लिहायचे कोणत्या भाषेत?

नेमक्या याच काळात रंग हाती आले होते. चित्राला व्याकरण लागत नाही, भाषांतर लागत नाही आणि चित्र काढल्याबद्दल कोणी अंगठे धरून उभे करत नाही. आपण आता अरबीत चित्रे काढू, असे त्यांनी त्या वेळी ठरवले आणि पुढे एका निबंधात तसे लिहूनही ठेवले. हे वाक्य आज त्यांच्याविषयीच्या जवळजवळ प्रत्येक लेखात येते. ते चमकदार आहे खरे, पण त्यामागे शाळेच्या पटांगणात शिक्षा झालेल्या मुलांची एक पिढी उभी आहे, हे विसरू नये.

पुढे व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात अमेरिकेतले कवी एकवटले तेव्हा अदनान इंग्रजीत कविता लिहू लागल्या. फ्रेंचकडेही त्या कालांतराने परतल्या. भाषांशी त्यांचे भांडण कायमचे राहिले नाही. पण ते मिटेपर्यंत चित्रांनी त्यांना तारले.

घडीच्या वह्या

१९६०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत रिक बार्टन या चित्रकारामुळे त्यांच्या हाती एक जपानी पद्धतीची वही आली. एकच लांबलचक कागद पंख्यासारखा घड्या घालून मिटलेला. मिटला की पुस्तक, उलगडला की कित्येक फूट लांब पट्टा. अदनान यांनी या वह्यांत अरबी भाषेतल्या आधुनिक कवींच्या कविता स्वहस्ते लिहायला घेतल्या. इराकचे कवी बद्र शाकिर अल-सय्याब हे त्यातले एक. अक्षरांच्या मध्ये, भोवती, वर-खाली जलरंग आणि शाई.

हे सुलेखन नव्हते. अरबी सुलेखनाची परंपरा फार मोठी आणि काटेकोर आहे. तिची साधना त्यांनी केली नव्हती आणि केल्याचा आवही आणला नाही. अक्षर शिकाऊ मुलासारखे, थोडे वाकडे. सगळ्या ओळींचा अर्थ त्यांना लागत होता असेही नाही. वडिलांच्या देखरेखीखाली व्याकरणाची पाने उतरवणारी मुलगीच इथे पुन्हा बसली होती. बालपणी वाया गेलेला वाटलेला तो अभ्यास या घडीच्या वह्यांमध्ये कामी आला. आज या वह्या त्यांच्या सर्वांत महत्त्वाच्या कामांत गणल्या जातात.

याच दशकात त्यांनी इजिप्तमध्ये पिरॅमिडांजवळच्या हर्रानिया गावाला भेट दिली. रामसेस वीसा वासेफ या वास्तुविशारदाने तिथे १९५२ साली विणकामाचे केंद्र सुरू केले होते. गावातली शेतकऱ्यांची मुले मागावर चित्रपट विणायची. नियम मोजकेच : आधी कागदावर नमुना काढायचा नाही, कोणाची नक्कल करायची नाही आणि मोठ्यांनी मुलांच्या कामाला नावे ठेवायची नाहीत. कधीच कोणी ‘तुझे हात धांदरट’ न म्हटलेल्या मुलांच्या हातून काय उतरते, ते अदनान यांनी तिथे डोळ्यांनी पाहिले. त्यांचे स्वतःचे चित्रपटांचे काम या भेटीनंतर बहरले.

युद्ध आणि डोंगर

१९७२ साली त्या बैरूतला परतल्या आणि फ्रेंच वृत्तपत्रांत सांस्कृतिक विभागाच्या संपादक झाल्या. याच काळात सीमोन फत्ताल या चित्रकार-शिल्पकार त्यांना भेटल्या आणि दोघी जन्माच्या सोबती झाल्या. १९७५ साली लेबनॉनमध्ये यादवी पेटली. मूकबधिर मुलांची शाळा चालवणाऱ्या एका शिक्षिकेला सशस्त्र टोळीने पळवून नेऊन ठार केले. या सत्य घटनेवर अदनान यांनी ‘सित मारी रोझ’ ही फ्रेंच कादंबरी लिहिली. यादवीवरच्या साहित्यात ती आजही आवर्जून वाचली जाते. त्यानंतर बैरूतमध्ये राहणे शक्य नव्हते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस दोघी कॅलिफोर्नियातल्या सॉसालिटो येथे स्थायिक झाल्या.

तिथे त्यांना माउंट टॅमलपायस पुन्हा भेटला. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेचा हा डोंगर जेमतेम ७८४ मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहूनही कमी. पण अदनान यांनी तो अक्षरशः शेकडो वेळा रंगवला. पहाटेचा, धुक्यातला, संध्याकाळचा. कधी गुलाबी, कधी हिरवा, कधी जांभळा. चित्रात एक त्रिकोणी आकार, त्यावर आभाळाचा पट्टा, कधी सूर्याचे एक वर्तुळ. डोंगर म्हणावा तर डोंगर, नाहीतर नुसते रंगाचे तुकडे. १९८६ साली त्यांनी या डोंगरावर एक छोटे पुस्तकही लिहिले. ज्यांच्या आईवडिलांचा देश नकाशावरून पुसला गेला आणि ज्यांचे स्वतःचे शहर युद्धात उद्ध्वस्त झाले, त्यांना जागचा न हलणारा डोंगर आपला वाटला, यात नवल नाही. म्हातारपणी त्या पॅरिसला राहायला गेल्या. तिथे खिडकीतून डोंगर दिसत नव्हता, तरी तो त्या आठवणीने रंगवत राहिल्या.

उशिरा आलेली कीर्ती

पन्नास वर्षे हे काम चालू होते, प्रदर्शनेही होत होती, पण जगात अदनान यांची ओळख लेखिका म्हणूनच होती. २०१२ साली जर्मनीतल्या कासेल येथे दर पाच वर्षांनी भरणाऱ्या ‘डॉक्युमेंटा’ या महाप्रदर्शनात त्यांची छोटी छोटी चित्रे मांडली गेली. अवाढव्य कलाकृतींच्या त्या गर्दीत, शाळेतल्या चित्रकलेच्या वहीएवढ्या चित्रांपुढे लोक थांबले. त्यानंतर लंडन, पॅरिस, बर्न अशी प्रदर्शने होत गेली. २०२० साली अनुवादित कवितासंग्रहासाठी ग्रिफिन काव्य पुरस्कार मिळाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये गुगेनहाइमचे प्रदर्शन उघडले आणि ते चालू असतानाच, १४ नोव्हेंबर २०२१ रोजी, पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

आता ‘स्वयंशिक्षित’ या शब्दाकडे पुन्हा पाहू. व्याकरणाची पाने उतरवायला लावणारे वडील, कवितेचे मोल सांगणारे बुनूर, घडीची वही दाखवणारा मित्र, हर्रानियाची विणकर मुले आणि नेमका प्रश्न विचारणाऱ्या ओ’हॅनलन. यांपैकी कोणीही त्यांना चित्रकला शिकवली नाही, हे खरे. पण यांतले एक जरी वजा केले, तरी अदनान यांची चित्रे आज आहेत तशी झाली नसती. स्वतः शिकणाऱ्यालाही कोणीतरी दार उघडून द्यावे लागते. आणि दार बंद करणारेही बहुधा परके नसतात, प्रेमाची माणसेच असतात. धांदरट हातांचा शेरा एका आईचाच होता.

आपल्या बॅचमधले काही जण आज शिक्षक आहेत, बहुतेक जण आई-बाप आहेत, काही आजी-आजोबाही झाले आहेत. आपल्या तोंडून सहज गेलेले एखादे वाक्य समोरचे मूल किती वर्षे खरे मानून चालेल, याचा अंदाज आपल्याला नसतो. अदनान यांनी ते पस्तिशीपर्यंत खरे मानले.

मेळाव्याला आपले सर आणि बाई येणार आहेत. त्यांच्यापैकी कोणी कधीकाळी आपल्याला ओ’हॅनलनबाईंसारखा एखादा प्रश्न विचारला असेल, कॅनव्हासचा तुकडा पुढे करावा तसे काही हाती दिले असेल, तर त्या दिवशी जवळ जाऊन त्यांना ते जरूर सांगावे. त्यांच्या ते लक्षात नसण्याचीच शक्यता जास्त आहे.